खंडेनवमीपुरता गार्ड

मित्रांनो, या जगात जे जे टिकून आहे, ते कुणीतरी मध्ये उभे राहिले म्हणून टिकून आहे. किल्ल्याला तट असतो, डोळ्याला पापणी असते आणि मिनिटाला अकरा हजार फेरे घेणाऱ्या डिस्कला मी असतो. मी ग्राइंडरचा एक जुना गार्ड आहे. या थोर आयुष्यातली पहिली तीन वर्षे मी तंबाखूचा चुना सांभाळण्यात घालवली.

हातात धरून लोखंड कापायचे ग्राइंडर तुम्ही पाहिले असेल. ठिणग्यांचा फवारा बघत तुम्ही रस्त्यात उभे राहता आणि आई दंडाला धरून ओढून नेते, तेच ते. त्याच्या तोंडाशी जो अर्धगोल पत्रा असतो, तो मी. डिस्क फुटलीच तर तुकडा माणसाकडे येऊ द्यायचा नाही, एवढेच माझे काम. म्हणजे काहीच झाले नाही, की माझे काम झाले. अशा कामाचे कौतुक कुणी कसे करावे, हे मलाही सुचत नाही.

माझा जन्म प्रेसखाली, एका दणक्यात झाला. बालपण असे नाहीच. त्र्याण्णव साली मी खोक्यात बसून शेवगावला जैनुद्दीन मिस्त्रींच्या गेट-ग्रिलच्या दुकानात आलो. खोक्यात आम्ही चौघे होतो : चार इंची मशीन, मी, बाजूला लावायची मूठ आणि सूचनांचे पुस्तक. मूठ मिस्त्रींचे भागीदार रंगनाथ यांच्या घरी कपाटाला लागली. पुस्तकाच्या पानांवर त्याच दुपारी भेळ आली. मी अकरा मिनिटे मशीनवर होतो.

मला काढण्याचे कारण काटकसर. दुकानात एक सात इंची मोठे मशीनही होते. त्याची डिस्क झिजून पाच इंचांची झाली की त्याला ती पुरेना आणि फेकायला मिस्त्रींचा जीव होईना. मग ती लहान मशीनला लावायची. भोक मोठे पडते? आत पत्र्याची चकती बसवायची. गार्ड आड येतो? गार्ड काढायचा आणि चुन्याची वाटी म्हणून फळीवर ठेवायचा. मोठे मशीन त्यामानाने सावकाश फिरते, लहान मशीन पिसाटासारखे फिरते आणि मोठ्याच्या डिस्कला तो वेग झेपत नाही, हे पुस्तकात सातव्या पानावर स्पष्ट लिहिले होते. सातव्या पानावर कांदा जास्त पडला होता.

मिस्त्री माणूस गुणी. ओळंबा न लावता, नुसत्या नजरेने, गेट किती सूत कलले आहे ते सांगत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ही सगळी करामत डाव्या डोळ्याची. उजव्याने त्यांना लहानपणापासून अंधूकच दिसे. ग्राइंडर चालवताना ठिणगी जाऊ नये म्हणून ते उजवा डोळा घट्ट मिटून घेत. म्हणजे जो बिनकामाचा, तो सुरक्षित.

त्यांच्या पत्नी खुर्शीद दुकानामागच्या खोल्यांत राहत. त्या अधूनमधून म्हणत, "अहो, चष्मा घ्या की एक." घरात त्यांचे बोलणे दखनीत चाले, मी आपले मराठीत सांगतो.

"चष्म्यातनं सूत दिसत न्हाई," मिस्त्री म्हणत आणि विषय संपे. मी फळीवर चुना धरून ऐकत असे.

वर्षातून एक दिवस मात्र माझा मान असे. खंडेनवमीला रंगनाथ सगळी हत्यारे धुऊन पुसून मांडत आणि मला मशीनवर बसवत. "देवाफुडं उघडंबोडकं मशीन ठेवायचं न्हाई," असे ते म्हणत. मला हळदकुंकू लागे. दसरा झाला, की मी पुन्हा फळीवर.

शहाण्णव सालची खंडेनवमी होती. पूजा होऊन पेढे वाटले गेले होते. दारात एक नवे गेट भिंतीला टेकवून उभे होते आणि गेटामागच्या खिळ्याला झेंडूची माळ होती. समोरच्या लंकाबाईंची शेळी मैना हिने ती पाहिली. तिने गजांतून मान घातली, दोन फुले खाल्ली आणि मान मागे घेऊ लागली, तर शिंगे आडवी आली.

"ओ जैनूभाई!" लंकाबाई धावत आल्या. "माजी मैना अडकली की तुमच्या गेटात!"

"गेट आमचं हाय, पण मान तिची हाय," मिस्त्री म्हणाले. "कोनी सांगितलं घालायला?"

"मग माळ कशाला बांधली तिला दिसंल अशी?"

मैना ओरडत होती, लाथा झाडत होती. गज कापल्याशिवाय इलाज नव्हता.

"पूजेतलं मशीन आज उचलू नका, मिस्त्री," रंगनाथ म्हणाले. "हॅक्सॉच्या करवतीनं कापा."

"हॅक्सॉबी पूजेतच हाय."

"आरं, जनावर मरायला टेकलंय अन् तुमी हळदकुकू बघताय व्हय?" लंकाबाईंनी आवाज चढवला.

शेवटी तोड निघाली. मशीन घ्यायचे, पण कुंकू लागलेल्या कशालाही हात लावायचा नाही. आता कुंकवाचा सगळ्यात मोठा पट्टा माझ्याच पाठीवर होता. म्हणून मी राहिलो. मी राहिलो म्हणून झिजलेली मोठी डिस्क बसेना. रंगनाथांनी पत्र्याच्या डब्याखालून चार इंची डिस्क शोधून काढली. दोन पावसाळे ती तिथे ओलीत पडून होती. तिला चीर आहे का, कड उडाली आहे का, हे कुणी पाहिले नाही. शेळी ओरडत असताना असे कोण पाहतो?

मग मिस्त्रींनी एक काम अगदी नीट केले. पोते पाण्यात भिजवून मैनेच्या डोक्यावर, डोळे झाकतील असे टाकले. लंकाबाईंना मान धरायला लावली. सगळी तयारी झाल्यावर स्वतःचा उजवा डोळा मिटला आणि मशीन चालू केले.

गज अर्धा कापला गेला होता. मैनेने हिसका दिला. गज वाकला, कापलेली फट मिटली आणि डिस्क तिच्यात चिमटली. एक टणकारा झाला. एक तुकडा समोरच्या भिंतीत रुतला. दुसरा माझ्या पाठीवर आतून बसला.



मिस्त्रींनी मशीन बंद केले.   त्यांनी मग पूजेतला हॅक्सॉ उचलला आणि वीस मिनिटांत मैना सुटली. सुटल्यावर तिने उरलेली माळ खाल्ली.

"बघा, पूजेनं वाचिवलं," रंगनाथ म्हणाले.

"पूजेनं कशाचं? माज्या मैनेनं," लंकाबाई म्हणाल्या. "आज ती अडकली म्हणून तर ह्यो गार्ड हुता. परवा कापाया घेतलं असतं तर?"

यात कुठेतरी माझेही नाव आले, एवढ्यावर मी समाधान मानले.

आवाज ऐकून खुर्शीद आल्या होत्या. हाताला पीठ तसेच. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी मशीनची विजेची पिन बोर्डातून काढली. मग माझ्या पाठीवरचा पोचा पाहिला आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "मघाशी धरलं होतं तसं धरा."

मिस्त्रींनी धरले. खुर्शीदनी पोच्यावर बोट ठेवले आणि तिथून सरळ रेषेत मागे नेले. बोट मिस्त्रींच्या डाव्या भुवईखाली थांबले. पापणीला पीठ लागले.

"शेळीच्या डोळ्यांवर पोतं कुणी टाकलं?"

"मी."

"का?"

"ठिणगी उडंल म्हणून."

"शेळीचा एक गेला तर दुसरा हाय," खुर्शीद म्हणाल्या. "तुमचा?"

मिस्त्रींनी पापणीवरचे पीठ पुसले आणि मशीन खाली ठेवले. 

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी रंगनाथ नेहमीप्रमाणे स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. "गार्ड काढू का, मिस्त्री?"

"ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, आजवर माझे झालेले कौतुक ते एवढेच. मला ते पुरले. पुढच्या आठवड्यात मिस्त्री एसटीने नगरला जाऊन जाड काचेचा चष्मा घेऊन आले. त्यातूनही सूत दिसते, असे त्यांना दोन दिवसांत आढळले. मूठ कपाटावरून परत आली. झिजलेल्या मोठ्या डिस्क खुर्शीदनी हातोडीने फोडून टाकल्या, काटकसरीला जागा ठेवली नाही.

आता नव्याण्णव साल सुरू आहे. माझा रंग उडाला, कडा भाजल्या. मिस्त्री अजून गेट कितीने कलले ते नजरेने सांगतात. तुम्ही मोठे झाल्यावर कधी असे मशीन हाती घ्याल. तेव्हा डिस्क त्याच मापाची आणि धड आहे ना ते बघा, डोळ्यांवर चष्मा घ्या, दोन्ही हातांनी धरा, तोंड डिस्कच्या रेषेत आणू नका. आणि मला काढू नका. मी कामात आड येतो हे खरे आहे. आड येण्यासाठीच मी केलेला आहे.

बाकी काही मागणे नाही. फक्त जाता जाता माझा स्क्रू तेवढा अर्धा आटा पिळून जा. तो मघापासून सैल झाला आहे, आणि एवढे सगळे बोलून मी गळून पडलो तर बरे दिसणार नाही. आधी पिन मात्र काढा.