लाल दोऱ्याची टोपी

थिनले खिंडीतून परत आला तेव्हा सगळे याक जागच्या जागी होते, डोक्यावर टोपी होती, फक्त तो नव्हता. डोळे उघडे, पण समोर धरलेला चहाचा वाडगा त्याला दिसेना. घास भरवला तर तो तसाच गालात राहिला. एरवी हा माणूस झोपेतसुद्धा बडबडणारा. मी आधी त्याला शिव्या घातल्या, मग घाबरले.

माझ्या सासूला, आमाला, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "घर उघडं आहे. मालक बाहेर राहिलाय."

भगताला बोलावलं. त्याने लोण्याचा चहा यथेच्छ रिचवला, थिनलेची नाडी धरली आणि तेच सांगितलं. "धुक्यात दचकला असेल. जीव खिंडीतच पडलाय. जाऊन घेऊन ये, पण बर्फाने वाट बंद व्हायच्या आत. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत जीव तिकडे आणि देह इकडे. देह काही तेवढी वाट बघत नाही, बाई."

मी या घरात दोघा भावांची बायको होऊन आले. कुरणं वाटली की घर बुडतं, त्यापेक्षा हे बरं. गुर्मे थोरला. थिनले तेव्हा पोरसवदा होता, त्याच्या डोक्यातल्या उवा मी वेचल्यात. खोटं कशाला बोलू, माझा नवरा म्हणजे गुर्मे. थिनलेवर माया बसली ती हळूहळू, गुर्मे गेल्यानंतर. त्याच खिंडीत बर्फाचा कडा कोसळला आणि गुर्मेला घेऊन गेला. देह मिळाला नाही. टोपी तेवढी दगडांच्या राशीवर सापडली, कुणी काढून ठेवावी तशी. मेलेल्याची टोपी जाळायची असते, म्हणजे त्याला परतायला जागा राहत नाही. आमा म्हणाली, "मी जाळली." मी विश्वास ठेवला.

आणि जिवाला बोलवायचं तेही टोपीनेच. मी जोडे बांधत होते तोवर आमाने थिनलेच्या डोक्यावरची टोपी काढली, आत गेली, पांढऱ्या कापडात बांधून माझ्या हातात दिली. "वाटेत सोडू नकोस. आणि मागे वळून बघू नकोस."

"माहीत आहे, आमा. काल नाही आले मी या गावात."

खिंडीत धुकं इतकं दाट की दगडांची रास हाताला लागली तेव्हाच कळली. मी टोपी छातीशी धरली आणि हाका मारल्या. "थिनले, चल घरी! चूल पेटलीय. चहा गरम आहे. चल!" वारा थांबला. मग माझ्या मागे खडी वाजली.

मी चालू लागले. वाट सांगत चालायचं असतं, जिवाला रस्ता आठवत नाही. "हा उतार, जपून. हा पडका गोठा. ही बुटक्या देवदाराची वळणं." मागची पावलं येत होती, पण सावकाश. थिनले म्हणजे बकरीचं पिल्लू, कधी सरळ चालला नाही. मी म्हटलं, "रेंगाळू नकोस रे, अंधार पडेल." ओढ्यापाशी पावलं थांबली. पाणी प्यायल्याचा आवाज आला, चांगला घटाघटा.  प्रत्येक ओढ्याला थांबून पाणी पिणारा माणूस मला माहीत होता. पण तो विचार मी तिथेच ठेवला आणि पुढे चालले.

दारात उभी राहिले. आतून कुणीतरी विचारावं लागतं, बाहेरून उत्तर द्यावं लागतं, त्याशिवाय जीव उंबरा ओलांडत नाही.

"आला का?" आमाने आतून विचारलं.

"आला," मी म्हणाले.

आमाने टोपी माझ्याकडून ओढूनच घेतली आणि त्याच्या डोक्यावर घातली. चुलीशी बसलेल्या माणसाने दीर्घ श्वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "भूक लागलीय." मी रडले. आमाही रडली, आणि माझ्यापेक्षा जास्त रडली.

दुसऱ्या दिवसापासून मला एकेक गोष्ट दिसायला लागली. तो वाडगा दोन्ही हातांनी धरायचा आणि पिण्याआधी चुलीत थेंब टाकायचा. थिनलेने कधी टाकला नव्हता. म्हातारा कुत्रा थिनलेवर जन्मभर गुरगुरला, तो आता त्याच्या पायांवर हनुवटी ठेवून पडलेला. एका सकाळी तो शिडी लावून छपरावर चढला, एक दगड उचलला आणि खालून चाकू काढला. मूठ तडकलेला, गंजलेला. "इथेच ठेवला होता मी," तो म्हणाला. तो चाकू आम्ही गुर्मे गेल्यावर महिनाभर शोधला होता.

मी आत गेले आणि आमाचं अंथरूण उन्हात टाकायला उचललं. कातड्याखाली टोपी होती. घरातल्या टोप्या सगळ्या आमाच्या हातच्या, एकाच मापाच्या, काळ्या लोकरीच्या, कडेने लोंबणाऱ्या पाच शेपट्यांच्या. पण हिची एक शेपटी फाटलेली आणि लाल दोऱ्याने शिवलेली. थिनलेच्या टोपीला तो टाका मीच घातला होता. थिनलेची टोपी इथे, तर मग त्याच्या डोक्यावर होती ती कुणाची?

"आमा, तुला दिसत नाही म्हणून चुकली ना गं?"

"टोप्या मी केल्यात," आमा म्हणाली. "बोटं चुकत नाहीत."

"तू गुर्मेची टोपी जाळली नव्हतीस."

"नाही जाळली."

"आणि थिनले? तो तिथे वर एकटा..."

"गुर्मे नव्हता एकटा? धाकटा इतकी वर्षं चुलीशी बसला. दोघांना मीच व्यायले. आता पाळी बदलली तर काय बिघडलं?" मग तिने आपले पांढरे डोळे बरोबर माझ्यावर रोखले. "आणि तू कशाला आव आणतेस? तुला नकोय तो? सांग की. नको असेल तर आत्ता जा खिंडीत."

मी गेले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर तो लाकडं फोडत होता, गुर्मेसारखाच, प्रत्येक घावाआधी थांबून. मी त्याच्याकडे बघत बसायची. देह थिनलेचा होता आणि दिवसेंदिवस वाळत होता. मनगटाची हाडं वर आली होती. मी ते बघायचं टाळलं.

मग शीळ ऐकू यायला लागली. दुपारी वारा पडला की खिंडीकडून यायची, थिनलेची याकांना बोलवायची शीळ, शेवटी उगाच एक गिरकी घेणारी. याक चरायचे थांबून सगळे एकाच दिशेला बघायचे. रोज ती शीळ जरा बारीक व्हायची.

"कोण घालतंय शीळ?" त्याने विचारलं.

"वारा आहे."

"वारा नाही, यांगझोम." त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "गारठलाय तो. आधी पाय जातात, मग नाव जातं. मग कुणी हाक मारली तरी कळत नाही आपल्यालाच मारतायत. मला ते माहीत आहे."

डोंगरमाथे पांढरे व्हायला लागले होते. मी लाल दोऱ्याची टोपी कापडात गुंडाळली आणि निघाले. त्याने मला अडवलं नाही. चाकूची मूठ दोऱ्याने बांधत बसला होता, मान वर केली नाही. आमा ओरडली, "मी विचारणार नाही! ऐकतेस ना? मी विचारणार नाही!"

खिंडीत खूप हाका माराव्या लागल्या. घसा बसला तेव्हा कुठे खडी वाजली. परतीच्या वाटेवर ती पावलं मागे धडपडत होती, आणि दातांवर दात वाजत होते ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. बर्फ पडायला लागलं होतं. मी वाट सांगत राहिले, मध्येच शिव्या देत राहिले, कारण शिव्या त्याला नक्की ओळखता आल्या असत्या.

दारात आले. आत चूल पेटलेली होती, उजेड दिसत होता. आणि कुणी काही विचारलं नाही.

"आमा," मी म्हणाले. "आमा, विचार गं."

काही नाही. मला वळता येईना, आत जाता येईना. माझ्या मागे दात वाजायचे थांबले होते, आणि ते वाजण्यापेक्षा वाईट होतं.

"आमा, तुझाच आहे ना हा पण!"

आतून आमाचा हुंदका आला, शब्द आला नाही. मग सावकाश पावलं दारापाशी आली. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला.

"आला का?" गुर्मेने विचारलं.

त्याने विचारलं. आता उत्तर मला द्यायचं होतं. तिथे मी किती वेळ उभी होते ते मला माहीत नाही. खांद्यावर बर्फ साचलं एवढं आठवतं. मला त्याला थांबा म्हणायचं होतं, एकदा नीट बघू द्या म्हणायचं होतं.

"आला," मी म्हणाले.

आत काहीतरी जड पडलं. मी दार ढकललं, जमिनीवर पडलेल्याच्या डोक्यावर त्याची टोपी घातली. तो थरथर कापत उठून बसला आणि म्हणाला, "किती वेळ उभं केलंस दारात! म्हशीसारखी रवंथ करत होतीस काय?" कुत्रा त्याच्यावर गुरगुरला आणि बाहेर निघून गेला.

गुर्मेची टोपी चुलीपाशी पडली होती. मी ती उचलली आणि आगीत टाकली. लोकर जळाल्याचा वास घरभर पसरला. टाकताना मला दिसलं, तिला चारच शेपट्या होत्या. पाचवीच्या जागी ताजा काप होता. आमा कोपऱ्यात मूठ आवळून बसली होती. मी तिला मूठ उघडायला सांगितलं नाही.

थिनले आता ठणठणीत आहे, चहाचा थेंब चुलीत टाकत नाही आणि दिवसभर माझं डोकं खातो. वारा पडला की कधीकधी दाराबाहेर पावलं थांबतात. सावकाश येणारी. आमा लगेच मान वर करते, मूठ छातीशी धरते आणि विचारते, "आला का?"

मी काही बोलत नाही. दात घट्ट आवळून चुलीत लाकूड सारते. एका शब्दाचं तर काम आहे, आणि तो शब्द सारखा माझ्या जिभेवर असतो.