नाकसाहेबांचा खडू

"अहो नाकसाहेब, पाव खायचा असतो! त्यात तोंड घालून काय बसलात?" बेकरीवाली काउंटरमागून ओरडली.

नाकसाहेबांनी कागदी पिशवीतून चेहरा बाहेर काढला. मिशीला पिठाची पांढरी भुकटी लागली होती. "ताजा आहे का, ते बघत होतो," ते म्हणाले.

"भट्टीतून काढून पाच मिनिटं नाही झाली. हाताला चटके बसतायत ना? मग अजून काय बघायचंय?"

चटके बसत होते हे खरंच. पण वास येत नव्हता. ना पावाचा, ना भट्टीचा. त्यांनी पिशवी कोटात कोंबली, छत्री उघडली आणि पुन्हा पावसात उतरले. तासाभरात हे चौथं दुकान.

झालं होतं असं, की महिन्याभरापूर्वी त्यांना साधं पडसं झालं. पडसं गेलं, जाताना वास घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. म्हणजे कधी येतो, कधी नाही येत." आता असल्या डॉक्टरला काय म्हणायचं? दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर त्याला गटाराजवळून जाताना बरंच वाटलं असतं. पण हा माणूस एकतीस वर्षं नाकावर जगलेला.

गावाच्या चारी अंगांना द्राक्षांचे मळे. गावाखाली तळघरं, आणि तळघरांत लाकडी पिंपं. जुन्या पिंपात नवी वाइन भरायची तर आधी ते धुवायचं, मग बूच काढून भोकाला नाक लावायचं. लाकूड आतून आंबलं असेल, बुरशी धरली असेल, तर डोळ्यांना काही दिसत नाही. नाकालाच कळतं. चांगल्या पिंपावर खडूने गोल, वाईटावर फुली. एका पिंपात चूक झाली की तीनशे बाटल्यांची माती. म्हणून तो खडू नाकसाहेबांच्या जाकिटाच्या खिशात असायचा आणि त्याला दुसरं कुणी हात लावत नसे. मालकसुद्धा नाही.

मग तीन आठवडे भागलं कसं? तर वहिनींमुळे. वहिनी म्हणजे पिंपं धुणारी बाई. तिचा नवरा तिथेच पिंपं बांधायचा, तो गेला तरी ती सगळ्यांची वहिनीच राहिली. ती बूच काढायची आणि नाकसाहेब वाकायचे. नाक मेलेलं, म्हणून डोळा इकडेतिकडे जायचा. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वहिनीचं तोंड बोलतं! नाक मुरडलं की पिंप वाईट, चेहरा स्वस्थ असला की चांगलं. नाकसाहेब तिच्याकडे तिरक्या नजरेने बघायचे आणि ऐटीत खडू ओढायचे. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. परवा घरात दूध करपून धूर झाला आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" म्हणून ती जी सुरू झाली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत.

आणि आज सकाळी मॅनेजरने बोलावलं. "उद्यापासून वहिनींना बाटल्यांच्या मशीनवर घेतोय. पिंपं धुवायला नवा पंप आलाय, तो तुम्ही एकटे चालवाल. वास घ्यायला तुम्हाला कोण लागतं म्हणा!"

"छे! कोण लागतं!" नाकसाहेब बोलून गेले. वर हसलेही.

दुपारी अंगणात पाणी साचलं, काम थांबलं, आणि हे छत्री घेऊन नाक शोधायला निघाले. पावसात वास जागे होतात, हा त्यांचा जन्माचा अनुभव. उद्या सकाळपर्यंत एक तरी सापडायला हवा होता.

बूट शिवणाऱ्याकडे जाऊन त्यांनी गोंदाचा डबा हुंगला. त्याने डबा ओढून घेतला. "साहेब, या वयात?"

पुढे साबणाचं दुकान, मग भिजलेल्या घोड्यांचा तबेला. काही नाही. नवल मात्र एक झालं. एकतीस वर्षं ते या गल्लीतून नाकाने चालले होते. डावीकडे कॉफी भाजतात, म्हणजे वळण आलं. औषधांचा वास, म्हणजे पाच पायऱ्या. आज पहिल्यांदाच त्यांनी ती गल्ली पाहिली. औषधवाल्याचं दार हिरवं होतं! आणि पायऱ्या पाच कुठल्या, सहा होत्या. म्हणूनच सकाळी अडखळलो की काय, असं मनाशी म्हणत त्यांनी त्या पुन्हा मोजल्या.

फुटपाथच्या कडेला तळघरांची हवेची जाळी होती. या दिवसांत तिच्यातून आंबट-गोड वाफ वर येते, नुसता घमघमाट. नाकसाहेब गुडघे टेकून वाकले.

"काही पडलं का, आजोबा?" एका बाईने थांबून विचारलं.

"हो."

"काय पडलं?"

"सापडलं की सांगतो," ते म्हणाले. बाईने थोडा वेळ आपल्या छत्रीखाली त्यांना घेतलं आणि स्वतःही जाळीत डोकावून पाहिलं.

उठेपर्यंत समोरच्या दुकानदाराने त्यांना गाठलंच. तिथे पाहुण्यांना घोट-घोट वाइन चाखायला देतात. पावसाने अडकलेले आठ-दहा पाहुणे आत कंटाळून उभे होते. "या, या! मंडळी, हे आमच्या गावाचं नाक!" दुकानदाराने त्यांच्या हातात पेला दिला. "सांगा, कसला वास येतो?"

पळायला वाट नव्हती. नाकसाहेबांनी पेला फिरवला, डोळे मिटले आणि ठोकून दिलं, "ओल्या पेन्सिलीचा."

"अय्या, मलाही अगदी तोच आला!" एक पाहुणी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुकानदारानेही डोलावली. नाकसाहेबांना हसू फुटलं. इतकं सोपं? मग उद्याही असंच ठोकून द्यायचं? पण पिंप काही पाहुणा नाही मान डोलवायला. चार महिन्यांनी कुणाच्या तरी जिभेवर ते आंबूस येणार, आणि तेव्हा मालक विचारणार, गोल कुणी काढला? त्या दुकानात त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पेला तसाच ठेवून ते बाहेर पडले आणि थेट मागच्या आळीत वहिनीच्या दारात उभे राहिले.

वहिनी मोजे रफू करत होती. कोपऱ्यात गळतीखाली बादली लावलेली.

"भाऊजी? या पावसात?"

"वहिनी, माझं नाक गेलं."

"आधी छत्री बाहेर ठेवा. पाणी होतंय घरभर."

"अहो, तुम्हाला कळलं का मी काय म्हणालो? मला वास येत नाही. कसलाच."

"कळलं की. तेवीस दिवस झाले." तिने दोरा दाताने तोडला. "पहिल्याच सोमवारी तुम्ही कोपऱ्यातल्या पिंपावर गोल काढलात. मला तीन हातांवरून मळमळत होतं. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी तो पुसला आणि फुली काढली."

"माझ्या खडूला हात लावलात?"

"तुमच्या कशाला लावू? मुलीच्या दप्तरातला होता. मग म्हटलं, रोज कुठे पुसत बसायचं? त्यापेक्षा तोंड वाकडं करावं."

नाकसाहेब खुर्चीत बसले. "म्हणजे ते मुद्दाम होतं?"

"नाहीतर काय! वीस वर्षं त्या घाणीत उभी आहे मी, भाऊजी. नाक मुरडायचं केव्हाच सोडलं होतं. तुमच्यासाठी परत सुरू केलं. संध्याकाळी गाल दुखतात माझे."

नाकसाहेबांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. मिशी पुसून त्यांनी विचारलं, "पण बोलला का नाहीत?"

"आमच्या यांचा हात थरथरायला लागला तेव्हा वर्षभर यांच्या पिंपांच्या पट्ट्या कोण ठोकून देत होतं? तुम्ही बोलला होतात कुणाला?" ती दुसऱ्या मोज्यात हात घालत म्हणाली. "आता उद्याचं काय ते बघा. मी तर मशीनवर."

बाहेर पाऊस जरा उतरला होता. कोटातला पाव एव्हाना लगदा झाला होता. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. वहिनीने त्यातला बरा भाग कापला, आणि दोघांनी चहात बुडवून खाल्ला.

सकाळी ते सगळ्यांच्या आधी मॅनेजरच्या खोलीत गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. "साहेब, मला वास येत नाही," एवढंच निघालं. "तीन आठवड्यांचे सगळे गोल आणि फुल्या वहिनींच्या आहेत. मी नुसता खडू धरला होता."

मॅनेजरने वहिनीला बोलावलं आणि ज्यांचं बरंवाईट त्याला आधीच ठाऊक होतं अशी पाच पिंपं तिच्यापुढे लावली. तिने पाचही अचूक सांगितली. तिसऱ्याच्या बाबतीत तर म्हणाली, "आज चालेल, पुढच्या वर्षी नाही."

"आणि तुम्ही?" मॅनेजरने नाकसाहेबांना विचारलं.

घरी जा, हे ऐकायची तयारी करूनच ते आले होते. "तो नवा पंप आहे ना," ते म्हणाले, "तो शिकून घेतो. चालेल ना?"

मॅनेजरने होकारार्थी मान हलवली.

नाकसाहेबांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले. पहिलं पिंप धुवायला त्यांना अर्धा तास लागला आणि निम्मं पाणी अंगावर आलं. त्यांनी पिंप गडगडवत आणून बुचाची बाजू वर केली, बूच काढलं आणि बाजूला झाले. वहिनी वाकली. डोळे मिटले. मग मान वर करून तिने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं आणि चांगलंच नाक मुरडलं.

नाकसाहेबांचा हातही सवयीनेच जाकिटाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"वहिनी," ते म्हणाले, "खडू तुमच्याकडे आहे."

"अगबाई, हो की!" तिने पदराच्या गाठीतून खडू सोडवला आणि जरा तिरकी फुली काढली. नाकसाहेबांनी बूच पुन्हा बसवलं, पिंप बाजूला सारलं आणि दुसरं आणायला गेले.