झाकणाआडचं पीठ

“आत काय हाय ते जे सांगत न्हाईत, त्यांचं लेकराच्या तोंडाला लावू नगंस,” असं दगडाबाईंनी सुनेला बजावलं होतं. सून शिवकांता धाराशिवच्या कॉलेजात शिकलेली. तिनं ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, हे बोलणं ज्याच्यावरून झालं तो मीच. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कुठल्याशा कारखान्यात मला वाकवून गोल केलं, पोटावर गुटगुटीत बाळ रंगवलं, आत पांढरी पावडर भरली आणि झाकण पक्कं बसवलं. पावडरीत काय होतं, ते मलाही कुणी सांगितलं नाही.

ते बहात्तरचं साल. चाऱ्यावाचून गावातली जनावरं गेलेली, आमच्या ढोकीत दूध मिळेना. म्हणून शिवकांतानं मला आणलं. तिची चिमुकली लेक महादेवी मिटक्या मारत जेवली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या अंगभर पुरळ उठलं. उलट्या थांबेनात. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? शिवकांता नुसतं माझ्यावरचं चित्र दाखवत राहिली. दुकानदार म्हणाला, “ते कंपनीचं गुपित असतंय ताई. मला तरी कुठं ठावं?”

तेव्हापासून त्या हसऱ्या बाळाकडं ती संशयानंच बघायची. मला राग आला नाही. संशय मलाही होताच.

पावडर उकिरड्यावर गेली. मला घासून उन्हात पालथं घातलं. दगडाबाईंनी ज्वारी, मूगडाळ, शेंगदाणे भाजून दळले आणि खिमटाचं पीठ माझ्यात भरलं. पुरळ पुन्हा उठलं! पण या वेळी आत काय आहे ते घरात ठाऊक होतं. सासूसुनेनं एकेक जिन्नस वगळून पाहिला. शेंगदाणा काढला आणि लेकराचं अंग स्वच्छ झालं. माझ्या पहिल्या पावडरीतही शेंगदाणाच होता का? कोण जाणे.

पुढं बायकांनी सहकारी मंडळ काढलं आणि हे पीठ, इतर लेकरांना सोसतो म्हणून शेंगदाण्यासकट, बाजारात विकायला बसल्या. मी दगडाबाईंच्या मांडीशी असायचो. काय काय घातलंय ते सांगायचं, मगच माप भरायचं, अशी त्यांची रीत. मंडळातली भिमाबाई कुरकुरायची, “समदं सांगितल्यावर इकत कोण घेणार ओ आत्याबाई?”

“दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बाईला भाजायला, दळायला जीव ऱ्हातोय व्हय? आपुन कष्टाचं पैसे घेतो. आत काय हाय ते सांगायचं पैसे कशापायी घ्यायचं?”

आणि खपलं की. उमरग्याकडच्या शरणम्मानं कृती नेली, नाचणी घालून स्वतः विकली, आणि परत येऊन नाचणी किती भाजायची ते आम्हाला शिकवूनही गेली.

मग व्यापारी आबाराव आले. सगळा माल दुप्पट भावानं घेतो म्हणाले, अट एकच. आत काय आहे ते यापुढं कुणाला सांगायचं नाही. भिमाबाईचे डोळे लकाकले. दुप्पट भाव कुणाला नको होता? शिवकांता मात्र त्यांच्या हसण्याकडंच बघत होती. ते हसू तिनं माझ्या पोटावर पाहिलं होतं.

“एखाद्या आईनं विचारलं, यात शेंगदाणा आहे का, तर काय सांगायचं?”

“सांगायचं, लेकरू बाळसं धरतंय.”

शिवकांतानं माझं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. दगडाबाईंनी सुनेकडं बघून पदर सावरला.

पण कृती उघडीच होती. आबारावांनी ती फुकट नेली, शेंगदाण्यासकट, आणि चकचकीत डब्यात भरून वर पक्कं झाकण बसवलं. ते विकतात याचा शिवकांताला राग नव्हता. विकणं आम्हीही केलंच. ते सांगत नाहीत, याची तिनं धास्ती घेतली. बाजारात कडेवर लेकरू असलेली बाई दिसली, की ती आधी त्याचं झबलं वर करून बघायची.

मित्रांनो, आता मी फळीवर गंजतो आहे. मला घासा, जपा, असं मी म्हणत नाही. तुमच्या गल्लीत कुणाचं लेकरू नुकतंच खायला लागलं असेल. आज त्या घरी जाऊन या. लेकराच्या पाठीवर पुरळ आहे का बघा, आणि त्याच्या आईला विचारा, “डब्यात काय आहे, ते तुला कुणी सांगितलंय का?”