विनोदिनीबाईंची नाईट

एका प्रयोगाचे साठ रुपये! महिन्याला अठ्ठावीस रुपयांवर राबणाऱ्या माणसाचं हा आकडा ऐकून जे व्हायचं तेच माझं झालं. अंगाचा नुसता तिळपापड.

साल सत्तेचाळीस. विट्याच्या पलीकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. शाळेला भिंती होत्या, छप्पर नव्हतं. पावसाळ्यात मुलं मारुतीच्या देवळात बसवायची आणि भजन सुरू झालं की सुट्टी द्यायची. 'यंदा छप्पर घातलं नाहीत, तर शाळा पुढच्या गावाला जाईल,' असं तपासणीला आलेले साहेब बजावून गेले होते. म्हणून जत्रेत तिकीट लावून नाटक करायचं आणि त्या पैशातून पत्रे आणायचे, असं ठरलं. सेक्रेटरी मीच. फुकटचं काम असलं की गावाला मास्तर आठवतो.

गावच्या नाटकात बाईचं काम दरवर्षी हरिबा करायचा. मिशा उतरवायचा आणि लुगडं नेसायचा. यंदा कमिटीच्या अध्यक्षांनी, नानासो पाटलांनी, मोडता घातला.

"आवं मास्तर, हरिबाला आमी रोज बांधावर फुकट बघतोय. त्येला बघाया आठ आणं कोण दील? सांगलीची खरी नटी आणा."

सांगलीला विनोदिनीबाई म्हणून एक नटी होत्या. गावोगावच्या हौशी नाटकांत कामं करायच्या. त्यांना पत्र घातलं. उत्तर आलं : 'नाईट चाळीस रुपये. आदल्या दिवशीच्या तालमीचे वीस वेगळे.' नाटकवाल्यांच्या भाषेत नाईट म्हणजे एका प्रयोगाची बिदागी. तोंडाला रंग लावून तीन तास मिरवायचं आणि माझा दोन महिन्यांचा पगार घेऊन जायचं! मी पेटलोच. निदान तालमीचे वीस तरी वाचवावेत म्हणून लिहिलं, 'तालमीची आवश्यकता नाही. आमची मंडळी तयार आहेत. पुस्तक सोबत धाडले आहे. थेट प्रयोगास यावे.' आणि स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

प्रयोगाला ही गर्दी! आटपाडीकडून बैलगाड्या जुंपून लोक आले होते. नाटकाचा नायक मानसिंग, ब्रह्मदेशच्या लढाईतून हवालदार होऊन परतलेला, छातीनं दोन माणसांएवढा. प्रवेश असा, की सरदार लढाईला निघालाय आणि बायकोचा निरोप घेतोय. विनोदिनीबाई आल्या, त्यांनी मानसिंगचा हात हातात घेतला, आणि मानसिंग खलास.

दोन महिने त्यानं हरिबाचा हात धरून तालीम केली होती. परक्या बाईचा हात चारचौघांत हातात येईल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. तो घामानं निथळला. विंगेतून मी वाक्य सांगतोय, पुन्हा सांगतोय, शेवटी ओरडून सांगतोय. पहिल्या रांगेतली माणसं माझ्यामागून ते म्हणायला लागली, पण मानसिंगच्या तोंडून शब्द फुटेना. मागून कुणीतरी ओरडलं, "पैसं परत द्या!" मग चारी बाजूंनी तेच. माझ्या डोळ्यांसमोरून पत्रे चालले, शाळा चालली.

विनोदिनीबाई डगमगल्या नाहीत. मानसिंगचा हात सोडून दोन पावलं मागं झाल्या आणि म्हणाल्या, "बोलू नका नाथ. निरोपाच्या वेळी तुमच्यासारख्या शूराला शब्द सापडत नाहीत, हे मी जाणते. तुम्ही हेच सांगणार ना..." आणि त्याचं पानभर भाषण स्वतः म्हणून टाकलं. एक अक्षर चुकलं नाही. माणसं चिडीचूप. मानसिंग मान हलवत राहिला, आणि लोकांना वाटलं, गड्यानं काय काम केलं!

पुढे चारही अंक हेच. कोंडीबाचा प्रधान अडखळला, त्यालाही बाईंनीच पैलतीराला नेलं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

सकाळी बिनछपराच्या शाळेत मी त्यांना चाळीस रुपये दिले आणि सहीसाठी पावती पुढं केली. त्यांनी शाईत अंगठा बुडवला.

"बाई, तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही?" मी चाट पडलो. "मग अख्खं नाटक पाठ कसं?"

"माझी लेक वाचती, मी ऐकती. ऐकताना आपलं कंचं न् दुसऱ्याचं कंचं, ह्ये कुटं समजतंय? समदंच डोक्यात बसवायचं. महिना जातो एका नाटकाला."

मला भरून आलं. आणि तेवढ्यात माझ्यातला सेक्रेटरीही जागा झाला. अक्षराची किंमत हिच्याइतकी कुणाला कळणार? मी म्हणालो, "बाई, शाळेचं काम आहे. या चाळिसांतले दहा-पाच छपराला दिलेत तर पुण्य लागेल."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"मास्तर, तुमच्या शाळंत पोरी किती हायती?"

मी पटावर हात ठेवला. दारात नानासो उभे होते, ते खाकरले. पटावर सदतीस नावं होती, सगळी मुलांची.

"एक बी न्हाई?" त्यांनी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या. "मग ऱ्हाऊ द्या. माझी लेक यंदा सातवीला बसती. ह्ये तिच्या शाळंला लागत्यात."

विट्याच्या मोटारीनं भोंगा वाजवला. बाईंनी नमस्कार केला आणि त्या गेल्या.  नानासो धुरळ्याकडे बघतच म्हणाले, "मास्तर, पत्रं बसलं की आमची नात घाला पटावर."

"पत्र्यांची वाट कशाला बघायची?" मी तिथंच पट उघडला. अडतिसावं नाव, उमा. लिहिताना मान वर करायची मला लाज वाटली. बाईंनी साठ मागितले होते. त्यातले वीस मी आधीच कापले होते, आणि उरलेल्या चाळिसांतही हात घालायला निघालो होतो.