शनिवारी चार वाजता माझं चुकलं

मित्रांनो, तंजावुरात राजवाड्यामागच्या एका गल्लीत, कपाटाच्या माथ्यावर बसलेला मी एक जुना राऊटर आहे. एके काळी मी पांढरा होतो. डोक्यावर दोन काड्या आहेत, त्यांतली एक चिकटपट्टीने बांधलेली. शेजारी मान हलवणारी मातीची बाहुली असते. ती येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना हो म्हणते. मीही तसाच होतो आणि त्यातूनच सगळं बिघडलं.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो भावंडांबरोबर खोक्यात बसून मी लांबचा प्रवास केला, आणि सात वर्षांपूर्वी रघुरामने मला या घरी आणलं. माझं काम ऐकायला सोपं आहे. बाहेरून इंटरनेटची एकच तार घरात येते. ती घरातल्या सगळ्या यंत्रांना मी वाटून द्यायची. बाहेरून आत येणारी वाट चांगली रुंद आहे, पण आतून बाहेर जाणारी फारच अरुंद.

कोरोनाच्या दिवसांत रघुरामचं ऑफिस, त्याची बायको वसुमती हिचे कॉलेजातले गणिताचे तास आणि लेकीची शाळा, सगळं माझ्यावरच चालत होतं. तेव्हा माझं कोण कौतुक! वसुमती रोज मला फडक्याने पुसायची. मग साथ सरली आणि माझं फडकंही सरलं. आता माझ्या पाठीशी एक पाल राहते.

माझ्यावर मनापासून माया केली ती रघुरामच्या वडिलांनी. बाळकृष्णराव त्यांचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आले. या घरात मराठी बोलतात सगळे, पण वाचतात ते एकटेच. जुनी मोडी लिपीसुद्धा त्यांना येते, वडिलांनी शिकवलेली. महाराष्ट्रातली पाच जणं ती त्यांच्याकडून शिकत होती, दर शनिवारी चार वाजता, ऑनलाइन. बाळकृष्णराव तीनलाच इस्त्रीचा सदरा घालून बसायचे आणि माझा हिरवा दिवा लागलाय ना, हे दोनदा बघायचे. आठवडाभर ते त्या एका तासावर जगत होते, हे मी जवळून पाहिलं आहे.

पोंगल झाला आणि रघुरामला नवं काम मिळालं. पुलांचे मोठमोठे नकाशे दर आठवड्याला ऑफिसला पाठवायचे. इतर दिवशी कुणाला अडचण नको म्हणून त्याने कॉम्प्युटरला शनिवारी चारची वेळ लावून दिली. वडिलांचा वर्ग त्याला ठाऊक होता, पण नुसत्या बोलण्याला कितीशी वाट लागते, असं त्याला वाटलं.

झालं! चार वाजले की नकाशे माझ्या दारात रेटारेटी करू लागले. जो रेटेल तो पुढे, हीच तेव्हा माझी रीत. बळी तो कान पिळी म्हणतात तसं. बाळकृष्णरावांचे शब्द मागे उभे राहायचे आणि दहांतले जेमतेम तीन बाहेर पडायचे. मुलांचा आवाज मात्र आत स्वच्छ येत होता. त्यामुळे बाळकृष्णरावांना कसलाच संशय आला नाही.

"सर, कळलं नाही. पुन्हा सांगता का?" साताऱ्याची सुप्रभा विचारायची.

ते पुन्हा सांगायचे. मग आणखी सावकाश, मग आणखी सोपं करून. चौथ्या शनिवारी त्यांनी वर्ग वेळेआधीच आटोपता घेतला. नंतर कापी, म्हणजे कॉफी, घेऊन आलेल्या वसुमतीला म्हणाले, "आमची मराठी तीनशें वर्षांमागची. त्यांस ती कोठें कळणार? पोरें भलीं, म्हणून हसत नाहींत. आतां वर्ग बंद करतों."

मला भारी वाईट वाटलं. मी माझे सगळे दिवे जोरजोरात लुकलुकवले. पण राऊटरचे दिवे वाचतो कोण?

"आणखी एक वर्ग घ्या, मामंजी," वसुमती म्हणाली. "मीही बसतें."

पण त्या शनिवारी तिला तिरुवैयारूला आत्याकडे जावं लागलं. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून ती तिथूनच मोबाइलवर वर्गात बसली. वर्ग संपताच तिने बस पकडली आणि घरी येऊन चपला काढता काढताच ओरडली, "मामंजी! मराठीचा दोष नाहीं. तुमचा आवाजच तिकडे पोंचत नाहीं! ओंठ हलतात, शब्द गायब."

लगेच तिने कॉम्प्युटरवर माझं पान उघडलं. कोण, केव्हा, किती वाट घेतो याची यादी तिथे असते. रघुराम मागे उभा होता. यादी बघून त्याचा चेहरा उतरला.

"अय्यो! माझेच नकाशे!"

वसुमतीने मला नवी रीत शिकवली. कुठल्याही एका यंत्राने अर्ध्याहून जास्त वाट घ्यायची नाही, आणि बोलण्याला आधी सोडायचं.

"तुमचे नकाशे आतां तीन तास घेतील," ती म्हणाली.

"घेऊं दे. पूल कोठें पळून जातो?"

पुढच्या शनिवारी बाळकृष्णराव बसले खरे, पण सुनेच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. निरोपाचे चार शब्द लिहिलेला कागद समोर होता. ते "नमस्कार" म्हणाले. तो नमस्कार मी एकेक अक्षर सांभाळत पलीकडे पोचवला.

"सर!" सुप्रभा जवळजवळ किंचाळली. "आज किती स्वच्छ ऐकू येताय! प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच लाइन खराब. ऐकू येत नाही असं तुम्हांला सारखं कसं सांगायचं, म्हणून नुसतं कळलं नाही म्हणायचो. पाच आठवड्यांचं सगळं बुडालंय, सर. पहिल्या अक्षरापासून शिकवाल?"

बाळकृष्णरावांनी चष्मा पुसला. मग त्यांनी निरोपाचा कागद उलटा केला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, अक्षरं मग तिच्याखाली येतात. त्यांनी कोऱ्या बाजूवर रेघ ओढली.

मित्रांनो, त्या घरात कुणीच वाईट नव्हतं. जो तो दुसऱ्याला जपत होता, आणि विचारत मात्र कुणी नव्हतं. तुमच्या घरच्या राऊटरला अधूनमधून पुसा, त्याला योग्य वाटणी शिकवा. आणि एक मागणं आहे. घरातलं बोलकं माणूस गप्प होऊ लागलं, तर त्याला बोलायचंच नाही असं धरून चालू नका. त्याचं बोलणं पलीकडे पोचतंय का, ते एकदा पलीकडे जाऊन ऐका.