सोननाक वल्द कोंडनाक

सिंगापूर नदीच्या काठी फलक लावायचं सरकारने ठरवलं, तेव्हा मराठी नावं तपासायला कुणीतरी हवं होतं. या बेटावर विकले गेलेले गुलाम आणि मुंबई इलाख्यातून बेड्या घालून आणलेले बंदी यांनी इथले रस्ते बांधले, दलदल बुजवली, हे जाहीरपणे मान्य केलं जाणार होतं. गुलामांची नावं जवळजवळ सापडलीच नाहीत. बंद्यांची सापडली, पण इंग्रज कारकुनाला जशी ऐकू आली तशी.

मराठी मंडळातर्फे मनोहरकाका आणि एकता गेले. एकता चांगी बिझनेस पार्कमध्ये इंजिनिअर. सहा वर्षं इथे एकटीच राहत होती. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नसे. तिनेही कधी सांगितली नव्हती.

यादी वाचताना काका अडखळले. "सोननाक? हे 'नाईक' असणार. नाईक करून टाकू."

समोरच्या अधिकारी बाईंनी पेन्सिल उचलली.

"नाही काका," एकता म्हणाली. "बापाचंही बघा, कोंडनाक. बरोबर आहे ते. महारांमध्ये अशी नावं असायची. माझ्या खापरपणजोबांचं रायनाक होतं."

काकांनी यादी खाली ठेवली. "अच्छा. हे तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

मग तिने बाईंना इंग्रजीत समजावलं. गावाची वेठ पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसं ही. नावातलं 'नाक' पुढे गळून गेलं. बाईंनी नाव होतं तसं ठेवलं.

अनावरण रविवारी सकाळी झालं. "हे मान्य करायला आम्ही फार उशीर केला," असं मंत्री म्हणाले. मराठी नावं एकताने वाचली. सोननाकचं नाव तिने बापाच्या नावासकट वाचलं.

कार्यक्रमानंतर मंडळाचे लोक लिटिल इंडियात जेवायला निघाले. "तू ये हं मागून," मीनल एकताला म्हणाली, "गाडीत जागा नाहीये." कुठे यायचं ते कुणी सांगितलं नाही. तिने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी वाचलं, उत्तर कुणाचंच आलं नाही. याच ग्रुपवर एरवी कोथिंबीर कुठे ताजी मिळते याचीही वीस उत्तरं यायची.

तिने चिपळूणला बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फलकासमोर धरला. बाबांनी चष्मा चढवून नाव वाचलं, ओठ हलवत, दोनदा.

"मुलंबाळं होती का गं त्याला?"

"माहीत नाही बाबा. सुटल्यानंतरची काहीच नोंद नाही."

"म्हणजे तिथेच राहिला असेल. एकटाच."

"असेल."

"सोबत कोण आहे तुझ्या?"

"आहेत ना मंडळाचे लोक," ती म्हणाली आणि फोन ठेवून रिकाम्या रांगेतल्या एका खुर्चीत बसली.

मांडव निम्मा उतरला होता. खुर्च्या गोळा करणारा माणूस तिच्या रांगेपर्यंत आला. तिच्याकडे बघून त्याने तिची खुर्ची सोडली आणि बाकीच्या उचलून नेल्या.