तीन गोळ्या, तीन लाल कार्डं

दहा किलोमीटर चालण्याच्या निवड शर्यतीत अंतिम रेषा सगळ्यांत आधी मी ओलांडली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. पंचांनीही तसंच ठरवलंय.

आमच्या क्लबातून जिल्ह्याच्या संघात एकच जण जाणार होता. तो मीच, हे चार वर्षं सर्वमान्य होतं, कारण क्लबात दुसरा कोणी ही शर्यत चालतच नव्हता. मग माझा मावसभाऊ नोकरीसाठी आमच्या घरी राहायला आला. अंगाने असा की सगळे त्याला सुतळी म्हणतात. त्याला मैदानावर मीच नेलं. कंबर कशी वळवायची, पुढचा गुडघा कसा ताठ ठेवायचा, एक पाय कायम जमिनीला कसा टेकलेला हवा, सगळं मीच शिकवलं. आठ महिन्यांत तो माझ्या पुढे चालायला लागला. शिवाय मागे वळून, "दादा, बरा आहेस ना?" असंही विचारायचा. माणसाने किती नीच असावं?

घरी तर बघायलाच नको. आई म्हणायची, "बघ, किती गुणी आहे. आल्यावर बूट जागेवर ठेवतो." माझ्या बुटांबद्दल ती जे म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

त्यात कोच सरांनी त्याला कॅफीनची गोळी सुचवली. त्यासाठी वजनकाटा आणला, किलोमागे तीन मिलिग्रॅम असा हिशेब केला, नियमावली उघडून बंदी नसल्याचं दाखवलं. सुतळी भरला सदुसष्ट किलो. म्हणजे दोनशेची एक गोळी, शर्यतीच्या तासभर आधी.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुझी छाती एका कॉफीने धडधडते. सगळ्यांना मानवत नाही ते. तुला नको."

सुतळीने सरावात दोनदा गोळी घेऊन पाहिली. दुसऱ्या वेळी त्याला पाऊण मिनिट कमी लागलं. त्या पाऊण मिनिटाने माझा इतका जळफळाट झाला की मी घड्याळ घालणंच सोडलं.

शर्यतीच्या सकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी फ्रिजवरची त्याची डबी उघडली. आत तीन गोळ्या होत्या. एक पुरली असती, पण उरलेल्या दोन पुन्हा त्याच्याच झाल्या असत्या, म्हणून तिन्ही गिळल्या. जागी आईच्या कॅल्शियमच्या तीन ठेवल्या. त्याही पांढऱ्या, त्याही गोल. सुतळी बाहेर आला, त्याने आईचं कॅल्शियम पाण्याबरोबर घेतलं आणि डोळे मिटून म्हणाला, "आता चढेल बघ."

शर्यत पाण्याच्या टाकीभोवतीच्या रस्त्यावर होती, दहा फेऱ्या. सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिलो तेव्हा माझं हृदय दुसऱ्या फेरीत होतं.

"दादा, तुझा गाल उडतोय."

"वारा आहे," मी म्हणालो. वारा नव्हता.

तीन फेऱ्या झकास गेल्या. चौथीत सुतळी पुढे गेला. नुसत्या कॅल्शियमवर! आणि हसत! तेव्हा माझ्या पायांनी मला न विचारता काही निर्णय घेतले. वळणावरच्या पंचाने पिवळी पाटी दाखवली, म्हणजे दोन्ही पाय एकदम हवेत दिसले, सांभाळा. मला वाटलं, कौतुक करतोय. पुढच्या पंचाने खाली मान घालून लाल कार्ड भरलं. शेवटच्या फेरीत मी सुतळीला असं मागे टाकलं की एक कुत्रा आनंदाने माझ्याबरोबर धावायला लागला. मी काय करतोय ते कुत्र्याला कळलं होतं.

रेषा ओलांडून मी हात वर केले. मुख्य पंच बाई लाल पाटी घेऊन शांतपणे चालत आल्या.

"अहो, तुम्ही बाद आहात. तीन पंचांची तीन लाल कार्डं."

"पण मी चाललो!"

"शेवटचा किलोमीटर तुम्ही धावलात," त्या म्हणाल्या. "छान धावता."

सुतळीने आजवरची स्वतःची सगळ्यांत चांगली वेळ दिली. माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "दादा, आज गोळी काय लागलीय! सरावापेक्षा भारी!" सर चारचौघांना किलोमागचा हिशेब समजावत होते. खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं. पण मग डबी कोणी उघडली तेही सांगावं लागलं असतं. संघातली जागा गेलीच होती, घरातलीही गेली असती. मी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. हात थरथरत असल्यामुळे ती अकरा वेळा बसली.

संध्याकाळी निवड समितीकडे अर्ज दिला:

"विषय: निकालात किरकोळ दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय, आजच्या शर्यतीत मी धावलो, हे आपल्याच तीन पंचांनी लेखी मान्य केलं आहे. सबब, त्याच वेळी त्याच रस्त्यावर धावण्याची शर्यत झाल्याची नोंद घेऊन मला पहिला क्रमांक द्यावा, तसेच माझा मावसभाऊ संपूर्ण अंतरात एक पाऊलही धावला नसल्यामुळे त्याला त्या शर्यतीतून बाद करून संघातली जागा मला द्यावी, ही नम्र विनंती."